बंद झडपांचा दिवस

१६ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय गावीनो,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. तिकडे लिएजमध्ये थंडी पडली असेल. इथे ऑलिव्ह उतरवून झाले. तेल यंदा थोडं, पण चांगलं.

आई नुओरो शहरातल्या इस्पितळात आहे. मंगळवारी स्वयंपाकघरात पडली, खुबा मोडला, आता कफ छातीत उतरलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या." सापडायला जरा उशीर झाला.

'जरा' नाही. चर्चची सकाळी आठची घंटा तिने फरशीवरून ऐकली आणि मी पोचलो संध्याकाळी पाचला. नऊ तास.

माझं यंत्र तुला माहीतच आहे. फिनलंडच्या एका जिल्ह्याबरोबर आपलं गाव ते चालवतं, युरोपच्या पैशांच्या मदतीने. एकट्या म्हाताऱ्यांवर नजर ठेवायला त्यांच्याकडे कॉफीच्या भांड्याला तार, आपल्याकडे खिडकीच्या झडपेला लोहचुंबक. झडप साडेआठपर्यंत उघडली नाही की तिकडचा संगणक माझ्या फोनवर निरोप धाडतो. त्रेचाळीस घरं. एकेक चुंबक मी स्वतः बसवला, चौकटीपासून अकरा मिलिमीटरवर, एकही सैल नाही. तू आईला न्यायला आलास तेव्हा मी तुला म्हणालो होतो, "तुझ्यापेक्षा माझा चुंबक तिला जास्त सांभाळेल." तू तेव्हा जेवण टाकून उठलास.

सोमवारी संध्याकाळी अंतियोगुकाका बेकरीवाले गेले. गल्लीत कुणी गेलं की दफन होईपर्यंत कुणी झडप उघडत नाही. तू लहानपणी एकदा उघडलीस आणि आईचा मार खाल्लास. पण ही रीत मी तिकडून यंत्राचं काम बघणाऱ्या फिनलंडच्या पैवीबाईंना कधी सांगितलीच नव्हती. मला ते सुचलंच नाही, गावीनो. याच गल्लीत जन्मलेल्या मला.

मंगळवारी साडेआठला एकोणतीस निरोप आले. दहाला पैवीबाई युरोपच्या तपासनीसांना घेऊन यायच्या होत्या. पडद्यावर एकोणतीस लाल ठिपके. मला वाटलं, हे म्हणतील, पदवी नसलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार.

आठ एकतीसला मी अख्ख्या गल्लीचे निरोप बंद केले, त्यात आईचाही. एकोणतीस दारं ठोठावायला चाळीस मिनिटं लागली असती, मी नंतर चालून मोजलं. पडदा हिरवा झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, जेवायला बसवलं, मी बसलो.

आई परिचारिकेला सांगते, "माझ्या बाकिसिओचं यंत्र चोख हो. दुखवट्याची मीच झडप उघडली नाही, मग त्याला कसं कळणार?" पैवीबाईंनी विचारलं, यंत्र का बोललं नाही? मी म्हणालो, तुमच्याकडची लाइन गेली असेल. हे पत्र टाकून आल्यावर त्यांना खरं सांगणार आहे. आईला सांगायचा धीर एकट्याने होत नाही. ती रोज विचारते, "गावीनोला कळवलंस ना?" मी हो म्हणतो.

तिच्या खिडकीचा निरोप मी पुन्हा चालू केलाय. घर रिकामं, त्यामुळे रोज साडेआठला फोन वाजतो. झडप बंद. मी तो वाजू देतो. ये, आणि तिच्या डोळ्यांदेखत मला काय बोलायचं ते बोल. उशीर करू नकोस, तो मी केलाय.

ज्याने आवाज बंद केला, तो तुझा दादा,
बाकिसिओ