चौथ्या सिलिंडरची कैफियत

तीर्थस्वरूप काका,

तुम्हाला आणि काकूंना नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण सध्या अंगभर ग्रीस आहे, आणि गॅरेजच्या फरशीवर पालथा पडलो की घरचे मला जेवायला हाक मारायचे थांबतात (त्यांना वाटतं, हा पुन्हा गाडीखाली शिरला). गुडघा कसा आहे? काकूंनी फोनवर सांगितलं की तुम्ही टेबल आवरलंत आणि पेनं ठेवायचा तो जुना पिस्टनसुद्धा घासून नव्यासारखा चकचकीत केलात. या वयात हा उत्साह! आणि अशा माणसाला तो डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो की नजर अधू झाली, लायसनच्या कागदावर सही देणार नाही. त्याला म्हणावं, आधी स्वतःचा चष्मा पूस. लायसन महिनाअखेर संपतंय. त्याआधी तुमची गाडी तुमच्या हातात देईन आणि तुम्ही ती एकदा नदीपर्यंत नेऊन आणाल, हा शब्द मी दिलाय आणि इंजिन खोललं तेही त्याचसाठी. आता बारा दिवस उरलेत, इंजिन अजून टेबलावर सुटं पडलंय, आणि याचं सगळं श्रेय एकाच माणसाला जातं.

हा माणूस म्हणजे पुलाखालचा मशीनशॉपवाला. मी त्याला मापाचार्य म्हणतो. कानावर पेन्सिल, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा, आणि कुठल्याही अपराधाला एकच उत्तर: "होतं असं." आपलं हेड त्याच्याकडे सपाट करायला दिलं होतं (हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, तुम्ही हे काकूंना वाचून दाखवाल, म्हणून फोड करून सांगतो). पंधरा दिवसांनी परत आलं ते इतकं देखणं, की मी कौतुकाने दोनदा फडक्याने पुसलं. तिसऱ्यांदा पुसताना लक्षात आलं की ते सहा सिलिंडरचं आहे. आपलं इंजिन चार सिलिंडरचं. वर ठेवलं तर वीतभर बाहेर लोंबत होतं. मी ते खांद्यावर मारून तसाच त्याच्या दारात गेलो. त्याने चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाला, "होतं असं." म्हणजे गावात कुठेतरी एक बापडा आपलं हेड त्याच्या इंजिनावर ठेवून, उरलेली दोन भोकं कशाने झाकावीत याचा विचार करत बसला होता. त्याला शोधायला आठवडा गेला. सापडला तेव्हा तो मलाच चोर समजला.

मग ब्लॉक, म्हणजे हेडखालचं इंजिनाचं धड, ज्यात सिलिंडर असतात. ब्लॉकमध्ये त्याच्या हातून एक बोल्ट तुटला, अर्धा आतच राहिला. कुणाच्या हातून तुटत नाही? पण या महात्म्याने त्यावर निळा रंग फासून दिला, आणि एकटा तेवढाच निळा ठिपका वाईट दिसेल म्हणून अख्खा ब्लॉक निळा केला! आपलं इंजिन जन्मापासून हिरवं. अशा कलावंताला कोपरापासून नमस्कार.

आणि आता शेवटचा पराक्रम. सिलिंडर झिजलेले, म्हणून ते जरासे मोठे करायचे आणि त्यांत मोठ्या मापाचे नवे पिस्टन बसवायचे, एवढंच काम. त्यासाठी पिस्टनचं खोकं त्याच्याकडेच दिलं होतं. मध्येच त्याचा फोन आला, "साहेब, चारही पिस्टन एका मापाचे नाहीत. जरा येऊन बघता का?" मला असा संताप आला! मी त्याला सुनावलं की पिस्टन कारखान्यातून सीलबंद आलेत, आणि माझे काका इथे आले होते तेव्हा ते खोकं तासभर मांडीवर घेऊन एकेक पिस्टन तपासून गेलेत. ज्या माणसाने चाळीस वर्षं ही गाडी स्वतः खोलली आणि जोडली, त्याला तुम्ही माप शिकवणार? आहे त्या मापाने गुमान काम करा. त्याने केलं. काल ब्लॉक घरी आला, मी गेज घालून बघितलं, तर तीन सिलिंडर एका मापाचे आणि चौथा लहान! चारपर्यंत नीट मोजता न येणारा माणूस मशीन चालवतो आणि तुमच्यासारख्याचं लायसन काढून घेतात. उद्या सकाळी जातो आणि त्याला उभा-आडवा घेतो. मनातलं सगळं बोलून टाकल्याशिवाय मला जेवण गोड लागायचं नाही.

गुडघ्याला जपा.

तुमचा पुतण्या

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत मापाचार्यांकडे जाऊन आलो. काम बारा दिवसांत होतंय, काळजी नको. फक्त तुमचा तो पेनांचा पिस्टन थोडे दिवस पाठवून द्या. एक माप ताडून बघायचंय.

आणखी एक ता. क. काकू, हे पत्र तुम्हीच मोठ्याने वाचताय हे मला ठाऊक आहे. इथून पुढे मनात वाचा. त्याने खोकं माझ्यासमोर उघडलं. तीन पिस्टन नवे, आणि चौथा जुना, आतून शाईचे डाग पडलेला. काका त्या दिवशी ताडून बघायला आपला पिस्टन घेऊन आले होते, आणि जाताना नवाच घेऊन गेले. एवढा चकचकीत पिस्टन आणि हा डागाळलेला, यांतला फरक त्यांना दिसला नाही, काकू. डॉक्टरबद्दल वर लिहिलं ते खोडत नाही, नाहीतर काका विचारतील काय खोडलं. त्याने चौथा सिलिंडर लहानच ठेवला म्हणून बरं, एका दुपारीत मोठा होईल. तो चकचकीत पिस्टन पार्सलात तुम्ही स्वतःच्या हाताने भरा. गाडी ते गिरणीमागच्या मोकळ्या मैदानात चालवतील, मी शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून बसेन. नदीचा रस्ता खोदलाय म्हणून सांगू. आणि पिस्टनचं कधी निघालंच, तर चूक मशीनशॉपवाल्याची होती असं सांगायचं. चालेल का म्हणून मी त्याला विचारलं. त्याने चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाला, "होतं असं."