ओटीत आलेलं बोंड

१६ फेब्रु. २०२५, रवि. मेरिदा, मेक्सिको

तीन विमानं बदलून आली एकदाची. पाय सुजले. प्रज्ञा विमानतळावर उभी होती. अंगानं भरली आहे पोरगी, बरं वाटलं. दीड वर्षानं लेक भेटणार, रडू येईन म्हणून रुमाल हातातच धरला होता. रडायची सवडच नाई दिली तिनं. पहिलं वाक्य: "आई, तू बाबाचा शर्ट घालून आली?"

आली. ड्रेसवर फुल बाह्यांचा शर्ट. वावरात एकतीस वर्षं तसंच घालत होती, आता कोणासाठी बदलू?

(पुढे प्र.च लिहीन. बोटं आखडतात.)

उतरताना एक कागद भरून घेतला. बी, रोप, माती जवळ आहे का. मोठ्या अक्षरात 'नाही' लिहिलं. लोकायले हा प्रश्न मीच विचारत होती इतके दिवस.

१७, सोम.

प्र. ऑफिसातून आली तं विचारते, "आई, पयले काय पाहायचं, मायांची देवळं का समुद्र?"

म्हटलं, "पऱ्हाटी."

तिले वाटलं मी गंमत करून राहिली. आपल्या वऱ्हाडात जी कपाशी उभी असते ना, तिची रानटी खापरपणजी इथलीच. समुद्रकाठच्या वाळूत आपली आपण उगवते. आमच्या कापूस संशोधनाच्या फार्मवर तिच्या ओळी लावत. माझं अक्षर चांगलं, म्हणून ओळींवर नावाच्या सगळ्या चिट्ट्या माझ्याकडे. 'युकातान', म्हणजे हाच मुलुख, हा शब्द मी किती हजार वेळा लिहिला असन. साहेब लोक परिषदांले जाऊन आले, झाडापाशी कोणी गेलं नाई. मी जाईन. मजूर म्हणून लागली, सहायक म्हणून रिटायर झाली, आणि आता हेही करीन.

१८, मंगळ.

यांचा फोन. अकोल्यात आतापासूनच ऊन चटकून राहिलं म्हणे.

"जेवली का? भाकर भेटते का तिकडे?"

"भेटते. मक्याची. पातळ."

"मंग काय जेवण ते." मंग हळूच, "अवो, तुह्या त्या पऱ्हाटीच्या दोन सरक्या आणजो. कुंडीत लावू."

असं झाडलं मी. म्हटलं, गेटवर इतकी वर्षं कोण उभं राहिलं? रोज सुटीच्या टायमाले बायायच्या ओट्या कोण झटकून घेत होतं? एक सरकी बाहेर गेली नाई माझ्या राज्यात. आणि मीच आणू? परवानगीशिवाय बी नेणं हा गुन्हा आहे, दोन्हीकडे. हे म्हणे, "बरं बाप्पा, ठेव." फोन ठेवून दिला.

२०, गुरु. तुलुम

सकाळी निघालो, गाडी प्र.नं चालवली. चार तास. पोरगी गाडी चांगली चालवते. मी पूर्ण रस्ताभर ब्रेक दाबत होती, माझ्या बाजूले ब्रेक नसताना.

देवळं. तीन बाजूनं दगडी भिंत, चौथ्या बाजूले समुद्र. ठेंगणी, जाड कामं, कळस नाई. एका दारावर देव कोरला आहे, खाली डोकं वर पाय. प्र. म्हणे सात-आठशे वर्षं झाली. बांधणाऱ्याले जागेची पारख होती, हे मात्र कबूल. दगडांवर घोरपडींसारखी जनावरं पसरलेली, माणसाले भीत नाईत. एकीनं माझ्या चपलेकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

समुद्र मी आधी एकदाच पाहिला. सहा डिसेंबरले दादरले, चैत्यभूमीवर. गर्दीत पाण्यापर्यंत पोचलीच नव्हती. इथं गुडघ्यापर्यंत गेली. प्र. ओरडून राहिली "आई बस, बस," मी दोन पावलं अजून गेली. पाणी असं निळं असू शकते हे मले माहीत नव्हतं. लय आनंद झाला. लिहून ठेवते, लय आनंद झाला.

वारा भन्नाट. ओढणी तोंडावर येत होती, म्हणून कमरेले बांधून टाकली. वेचणीले बांधतो तशी, पुढून ओटीचा झोळ सोडून. प्र.नं फोटो काढला. "आता फक्त कपाशी पाहिजे," म्हणे.

मंग काठाकाठानं चालत निघालो. अर्धा तास. वाळूच्या उंचवट्यावर झुडपं, आणि झुडपांत ती. पानावरून ओळखली. माझ्याहून उंच, कशीही वाढलेली, फांद्यांचा नुसता गुंता. फूल फिकं पिवळं. बोंड बोराएवढं. कापूस तोकडा, मातकट. कोणी पेरली नाई, खत नाई, फवारा नाई, खाऱ्या वाळूत मजेत उभी. पयले बोंडअळी पाहिली. सवय. नव्हती.

एक म्हातारा तिथं दाताळ्यानं समुद्राचं गवत ओढून राहिला होता. जवळ आला. झाडाकडे हात करून म्हणे, "तमान." त्याच्या बोलीत कपाशीले तेच म्हणतात. प्र.नं बाकीचं सांगितलं: त्याच्या आजीच्या दिव्यात याचीच वात असायची. फोटो घ्या, तोडू नका, असंही म्हणे.

म्हटलं, "प्रज्ञा, त्याले सांग, हे मले कोणी सांगायची गरज नाई."

तिनं सांगितलं. तो हसला, आपल्या कामाले लागला. मी तासभर थांबली. पानं, फुलं, बोंडं, सगळं हातानं पाहिलं.

त्याच दिवशी, दिवेलागण

खोलीवर आली. ओढणीची गाठ सोडली. पलंगावर बोंड पडलं.

उमललेलं, तीन फाकांचं. एकच.

मी तोडलं नाई. तोडलं असतं तं मले माहीत नसतं का? प्र.ले विचारलं, "तू टाकलं का?" ती म्हणे, "मी काहून टाकू?" बोटं पाहिली. अंगठ्याले काटकीचा ओरखडा. वेचणी करताना नेहमी पडते तिथंच.

प्र. हसायला लागली. "आई, तू चोर निघाली." मी नाई हसली. मले कौसाबाई दिसली.

नऊ वर्षं झाली असतीन. कौसाबाई आमच्या फार्मवरची सगळ्यात साफ वेचणारी बाई. प्र.साठी अंबाडीची भाजी आणायची डब्यात. एका दिवशी सुटीच्या टायमाले, गेटवर बावीस बाया, तिची ओटी झटकली आणि लाल चिट्टीच्या राखीव ओळीतलं एक बोंड खाली पडलं. ती म्हणे, "म्याडम, हातानं टाकलं असन वो. मले नाई माहीत."

मी म्हटलं, "हाताले काय वेगळं डोकं असते?"

बाया हसल्या. मलेही बरं वाटलं होतं, आपण काय बोललो म्हणून. मंग कागद लिहिला, सही केली: 'बियाणे चोरताना पकडली.' दुसऱ्या दिवसापासून मजुरांच्या यादीत तिचं नाव नाई. माझं कौतुक झालं.

प्र. म्हणे, "एवढं काय? सुटकेसमध्ये टाक. कोणाले समजते?" मी सरक्या मोजत बसली. मंग तीच थांबून म्हणे, "आई, तुले बोंडाचं वाईट वाटून राहिलं का कौसामावशीचं?"

म्हटलं, "चहा कर."

२१, शुक्र.

सकाळीच बोंड घेऊन गेली. सरक्या मोजल्या होत्या, अठरा. अठराच्या अठरा झाडाखाली ठेवल्या, वाळू लोटली. म्हातारा होताच. लपवलं नाई मी. ओढणी बांधून, हात कसा जाते, बोंड कसं पडते, सगळं करून दाखवलं. त्याले पटलं. प्र.कडून सांगितलं त्यानं, मनावर घेऊ नको, वारा रोज नेतेच.

वाऱ्याची गोष्ट वेगळी. वाऱ्यानं कोणाविरुद्ध लिहून नाई दिलं.

परतताना गाडीत प्र.ले म्हटलं, "कौसाबाईचं." तिले समजलं कशाचं उत्तर ते.

३ मार्च, सोम. अकोला

आली. घर धुळीनं भरलं आहे, यांनी फक्त स्वतःची खुर्ची पुसली. दारातच, "आणल्या का सरक्या?" बसवलं आणि सगळं सांगितलं, ओढणीपासून.

हे म्हणे, "नऊ वर्षांनी कायले उकरून काढते? ती विसरली असन."

"मी विसरली होती. ती काहून विसरेन?"

यांनी जुन्या नंबरांची वही काढली. संध्याकाळी आपणहून दोन फोन लावले जुन्या लोकायले. कौसाबाई आता हिवरखेडले भावाकडे राहते. नवरा गेला मागल्या साली. मले हेही माहीत नव्हतं.

८ मार्च, शनि.

हिवरखेडले जाऊन आली. अकोटवरून गाडी बदलली. रस्ताभर वाक्यं जुळवत होती. मी कोणाले घाबरत नाई, साहेबालेही नाई घाबरली कधी. आज एक वाक्य धड जुळलं नाई.

अंगणात हरभरा पाखडून राहिली होती. पाहिलं, सूप थांबलं नाई. "या म्याडम. जय भीम."

"जय भीम कौसाबाई."

पाणी दिलं, चहा दिला. मी सगळं सांगितलं. मेक्सिको, समुद्र, पऱ्हाटी, ओटी, बोंड. तिनं पूर्ण ऐकलं. झाडाचं विचारलं, केवढं होतं, कापूस कसा होता. मंग म्हणे, "तिथी कोणी तुमची ओटी झटकली का?"

"नाई."

"चार माणसांत बोंड पडलं का?"

"नाई. खोलीत पडलं. मी आणि प्रज्ञाच होतो."

"मंग तुमाले काय समजलं, म्याडम?"

एवढंच म्हटलं, "मी चुकली, कौसाबाई. तुमी चोर नव्हत्या."

"हे मले काहून सांगून राहिल्या? मले माहीतच हाये." सूप खाली ठेवलं तिनं. "ज्यायले माहीत नाई त्यायले सांगा. माही जाऊ अजून तुमच्या फार्मवर जाते. त्या दिवशी तीबी होती गेटवर. नऊ वर्षं झाले, मी तिच्या घरी गेली की ती कपाटाले चावी लावते. माह्यासमोर लावते."

मी म्हटलं, "सांगीन. त्याच गेटवर सांगीन. सोमवारी आठले. तुमी याल का?"

तिनं हरभऱ्यातला खडा काढला. म्हणे, "पाहीन."

निघताना पिशवीत हरभरा टाकला तिनं. नाई म्हणायची माझी हिंमत झाली नाई. पूर्ण गाडीभर रडत आली. बाजूची बाई विचारते, कोणी गेलं का? म्हटलं, नाई.

९ मार्च, रवि.

यांचं म्हणणं, बायायले घरी चहाले बोलाव, शांतपणे सांग, गेटवर तमाशा कायले. नाई. तिची ओटी घरी बोलावून नव्हती झटकली.

फार्मवरच्या नव्या साहेबाले फोन केला. म्हणे, "मॅडम, तुम्ही आता रिटायर आहात, आत सोडता येणार नाही." म्हटलं, मले आत यायचंच नाई. बाहेर उभी राहते. बाया सध्या सरकी निवडायच्या कामावर आहेत, आठले गेटवर जमतात. बाविसातल्या पाच-सहा अजून येतात.

दुपारभर बोलायचं वाक्य लिहून राहिली. पयले 'गैरसमज झाला' लिहिलं, खोडलं. 'माझ्याकडून नकळत' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी हे ठेवलं: 'कौसाबाईले चोरताना मी पाहिलं नव्हतं. तरी मी तसं लिहून दिलं आणि सही केली.' त्याच्या पुढे 'माफ करा' लिहायचं का नाई, हे ठरत नाई. माफी या बायायले नाई मागायची, तिले मागायची आहे, आणि तिनं काल मागूच नाई दिली.

प्र.चा फोन येऊन गेला. तिले वाक्य वाचून दाखवलं. म्हणे, "आई, हेच बोल. लांबवू नको." मंग म्हणे, भीती वाटून राहिली का? म्हटलं, नाई. खरंच नाई वाटत आता.

संध्याकाळी कौसाबाईच्या भाच्याले फोन लावला. म्हणे, आत्यानं पांढरी साडी इस्त्रीले दिली होती, पण जातो म्हणाली नाई आणि नाई जात असंही म्हणाली नाई. हिवरखेडवरून पहिली गाडी पकडली तं आठपर्यंत पोचते माणूस.

मी पावणेआठले गेटवर जाईन. ती आली नाई तरी बोलीन. तिची जाऊ नेहमी पुढं उभी राहते, तिच्याकडे पाहूनच बोलीन.