तुझी उघडी भिंत

प्रिय मनू,

आज तुझं कलासंग्रहालय उघडलं. घरी येऊन चहा ठेवला, तो उतू गेला, आणि मी नुसती बघत उभी. बाबा गॅस बंद करून म्हणाले, "तिला लिही काहीतरी." म्हणून लिहितेय.

रडू येत नाही गं. तू तापाने गेलीस तेव्हापासून आलंच नाही. असं कसं?

तुझ्या साहेबांनी भाषणात तुझं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, दुसऱ्या कुणाच्या मुलीसाठी वाजवाव्यात तशा.

जुन्या इमारतीची ती करडी काँक्रीटची भिंत! ओतताना लावलेल्या लाकडी फळ्यांचे वळ तसेच. तिच्यावर चकचकीत पत्रे लावायचं ठरत होतं, तेव्हा तू ऑफिसात केवढी भांडली होतीस. घरी आलीस की जेवतानाही तेच. "आई, ती भिंत जशी बांधली तशी दिसते, काही लपवत नाही." मी म्हणायचे, "बरं, भाजी घे." नवा काचेचा भाग तू तिच्यापासून हातभर लांब ठेवलास. मधल्या फटीतून ऊन थेट खाली उतरतं. एवढं सुंदर असेल, हे नीट सांगितलं का नाहीस?

तिथेच, शेजारच्या कॅम्प तीन वस्तीतले, जीन्स शिवायचा धंदा असलेले एक सिंधी काका उभे होते. मला म्हणाले, "भाभीजी, प्लास्टर बाकी रह गया क्या?"

"नही, ऐसाच रखा है," मी म्हटलं. "मेरी बेटी ने. आर्किटेक्ट है वो."

आहे म्हटलं मी, मनू!

मग फळ्यांचे वळ, काच, ऊन, सगळं त्यांना समजावत बसले. तुझेच शब्द. ऐकलेले होते म्हणजे मी! काकांनी भिंतीवरून हात फिरवला. "बढिया है. बेटी आयी है क्या आज? मिलवाओ."

मीही भिंतीवर हात ठेवला. मग म्हटलं, "वो नही रही."

आजवर हे कुणाला मी स्वतः सांगितलं नव्हतं. बाबाच सांगायचे.  काका हात जोडून माझ्या शेजारी थांबले. रडू तेव्हाही आलं नाही. पण मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

सोनिवलीला कामासाठी घेतलेली तुझी भाड्याची खोली तू गेल्यापासून कुलपातच आहे. उद्या मी उघडते. बाबांना पुढे करणार नाही, किल्ली मीच फिरवीन. तुझे कपडे माझ्या हाताने घड्या घालीन. नक्की.

तुझीच,
आई
मोरिवली