चौथी खुर्ची

सोमवार, ३ मार्च
आले एकदाची! खोली म्हणजे काडेपेटी आहे, पण खिडकीतून ऊन येतं आणि संग्रहालय चार पावलांवर. चित्रदुरुस्तीचं पहिलंच स्वतंत्र काम. चित्र खाणावळीचं: मोठी काच, लांब टेबल, चार खुर्च्या. तिघं जेवतायत, पण कोणी कोणाकडे बघत नाही. चौथ्या खुर्चीवर नुसती काजळी. भांडारपाल म्हणाले, चित्रकार समोरच्याच खाणावळीत रोज एकटा जेवायचा; माणसं तिथलीच, खरीखुरी. ताईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, वेळेवर जेव, नाहीतर तिथे येऊन कान पिळीन.

गुरुवार, ६ मार्च
काजळी काढायला भांडारपालांनी औषधाची बाटली दिली आणि बजावलं, या चित्राला स्वतःचं काही लावू नका. मी मान डोलावली. पण आमच्या सरांनी शिकवलंय, जुन्या रंगाला माणसाच्या थुंकीइतकं सौम्य काही नाही. कापसाचा बोळा जिभेला लावायचा, हलकेच फिरवायचा. काजळी भराभर निघाली. खुर्चीवर कोणीतरी बाई बसलीय! दुपारी समोरच्या खाणावळीत जेवले. तेच टेबल, तीच काच.

मंगळवार, ११ मार्च
बाईचे केस, खांदे निघाले. खाणावळवाल्याने आज मला ताटच वाढलं नाही. हाक मारली तर दचकला, म्हणाला, नवीन का? रोज येते मी. आधी हसू आलं, मग नाही आलं.

शुक्रवार, १४
चेहरा निघाला. माझा आहे. भुवईवरच्या व्रणासकट.
भांडारपालांना ओढत आणलं. म्हणाले, चौघं तर पहिल्यापासून आहेत. मग विचारलं, आपण कोण?

शनिवार
ताईला फोन केला. नाव सांगितलं, लहानपणीचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमचं काहीतरी चुकतंय हो. मला बहीण नाही."
खूप रडले. बाकी कोणी ओळखलं नाही तरी चालेल. पण ताईने—

रविवार
कपाटातलं जहाल औषध घेतलंय, रंगच उतरवणारं. बाई पुसली गेली की ताईला मी आठवेन. आठवेनच. उजव्या हातापासून सुरुवात—

डाव्या हाताने लिहितेय. उजवा मनगटापासून नाहीच. बोळा टाकून दिला, तरी औषध आपोआप पसरतंय—

फोन वाजतोय. ताईचा नंबर. मी आठवले तिला. थांब गं, ठेवू नकोस, येते, डावा हात अजून—