आकडा बदलला तरी जाळे हलेना

तीर्थस्वरूप दादांस साष्टांग नमस्कार (खुर्चीतल्या खुर्चीतच वाकलो आहे, टेबलाखाली वायरींमुळे आडवे व्हायला जागा नाही). तुमची पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला गेला असेलच. माझी तब्येत बरी आहे, डोके मात्र फिरले आहे. फोनवर बोलताना मी अडखळतो, म्हणून लिहितो.

तुमच्या शब्दावर मला इथे कंपनीत घेतले, त्याचे काय झाले ते ऐका. इस्पितळात निरोप पोचवणारे खरे जाळे (म्हणजे नेटवर्क) टाकण्याआधी आम्ही ते संगणकात खोटे चालवून पाहतो. त्याला सिम्युलेशन म्हणतात. लाइनवर निरोपाला किती विलंब लागावा वगैरे आकडे सेटिंगच्या फाइलीत असतात आणि हा खोटा खेळ चालू असतानाही पडद्यावर एक खिडकी उघडून ते बदलता येतात. म्हणजे, तसे ती खिडकी म्हणते. काल इस्पितळाचे डॉक्टर पाहायला आले. लाइन मंदावली तर काय होईल, असे त्यांनी विचारले. मी विलंब दुप्पट केला (अंक दोनदा तपासून). पडद्यावर निरोप टुणटुण उड्या मारतच राहिले. दहापट केला, तरी तेच. शेवटी घाबरून, एका निरोपाला अख्खा तास लागावा एवढा आकडा घातला. निरोप आपले मजेत. डॉक्टर म्हणाले, "वा, जाळं असावं तर असं." आमच्या मॅडमनी लगेच चहा मागवला.

मी शेजारच्या इंजिनिअरला कोपऱ्यात गाठले. तो म्हणाला, "अरे, प्रोग्राममधला तो लाइनचा भाग सुरू होतानाच एकदा आकडा वाचतो आणि खिशात घालून बसतो. नंतर तू काहीही लिही, त्याला पत्ता नसतो. सगळ्यांना माहितीये, तूच नवा आहेस." सगळ्यांना माहीत आहे, दादा. मग ती खिडकी काय वारा यायला ठेवली आहे? ज्याने हा भाग लिहिला तो आळशी, आडमुठा आणि बिनडोक माणूस घरातले मीठ संपले तरी मान्य करत नसणार. लग्नाच्या वेळी एकदा पाहिले तेव्हा डबा भरलेला होता ना, मग पुन्हा कशाला उघडायचा! आणि याच जाळ्यावरून रुग्णाच्या खाटेवरची घंटा नर्सपर्यंत जायची आहे.

मला राहवले नाही. हातात कप घेऊनच उभा राहिलो आणि डॉक्टरांना सांगितले की हे जे दिसते आहे ते खरे नाही. ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी ते परत येतायत. चालू खेळात आकडा बदलून जाळं मंदावलेलं दाखव. बंद करून पुन्हा सुरू करायचं नाही, मी त्यांना तसं कबूल केलंय. जमलं नाही तर तुझ्या दादांना म्हणावं, आता दुसरीकडे शब्द टाका." इंजिनिअर तर त्या भागाला हातही लावत नाही. लिहिणारा केव्हाच सोडून गेला म्हणे.

तुमचा,
(अजून नोकरीत असलेला) धाकटा भाऊ

ता. क. हे पत्र वहिनींना वाचून दाखवू नये. आत्ताच तो भाग उघडला. सगळ्यात वर लिहिणाऱ्याचे नाव आहे आणि ते वहिनींचे माहेरचे आहे. तुमच्या लग्नपत्रिकेचे शुद्धलेखन मीच तपासले होते, त्यामुळे माझी चूक होणे शक्य नाही. त्या लग्नाआधी इथे होत्या, हे मला कुणी सांगितले कसे नाही?

आणखी ता. क. वाचून दाखवावे, पण तिसरा परिच्छेद खोकल्याची उबळ आल्यासारखे करून गाळावा. त्या भागाने दर वेळी आकडा नव्याने वाचावा यासाठी कोणती ओळ बदलायची, तेवढे सोमवारच्या आत त्यांच्याकडून लिहून घ्या. त्या नाही म्हणाल्या, तर थोड्या वेळाने पुन्हा विचारा.