नाही म्हणायची सोय नाही

३ ऑगस्ट

ति. मामीस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हं-हं करते म्हणून पत्रच लिहायचं, हा तुझा हुकूम. घे, वाच.

यंदा मी विद्यापीठातल्या कॉम्प्युटर क्लबची सेक्रेटरी झालेय. दर शनिवारी क्लबच्या खोलीत व्याख्यान, मग चहा-बिस्किटं आणि गप्पा. गर्दी बिस्किटांना. मागच्या व्याख्यानाला वक्ता, आम्ही चौघं आणि पंखा दुरुस्त करणारा. तोही पंखा फिरल्याबरोबर पळाला. आता विभागप्रमुख सरांनी बजावलंय, या शनिवारी खोली भरली नाही तर ती टेबलटेनिसवाल्यांना. मामी, या परक्या गावात मला माणसं मिळाली ती त्याच खोलीत. ती गेली तर मी रडेन गं.

त्यात यावेळी बोलायचं मीच. पण निमंत्रणाची सोय चोख केलीय. माझा प्रोग्रॅम सगळ्यांना निमंत्रण पाठवतो आणि 'येतो' किंवा 'येते' असं उत्तर मिळेपर्यंत तासातासाला आठवण करतो. चाचणीसाठी तुमचेही नंबर घातलेत.

मायेत काटकसर नको.
तुझी ठमी

७ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आशीर्वाद.

अगं बये, तुझ्या प्रोग्रॅमने उच्छाद मांडलाय! मी लगेच कळवलं, जमणार नाही गं, गुडघा धरलाय. तासाभरात पुन्हा निमंत्रण. तुझ्या मामांनी 'नाही' लिहिलं, मग 'नाही म्हणजे नाही' लिहिलं, मग जे लिहिलं ते मी पुसायला लावलं. माणूस नाही म्हणू शकतो, हे त्या मेल्याला कुणी शिकवलंच नाही का?

शेवटी मामा टेकीला आले आणि 'येतो' लिहून सुटले. आता म्हणतात, शब्द दिलाय, जायलाच हवं. शर्टाला इस्त्री चाललीय. मी काही खोटं लिहायची नाही. फोन उशांखाली कोंबलाय. विद्यापीठात काय गोंधळ असेल, देव जाणे. बोलताना खाली बघू नकोस.

जेवत जा.
तुझी मामी

१२ ऑगस्ट

ति. मामीस,
सा. न.

अर्धं मामांनी सांगितलंच असेल. खोली तुडुंब! पण सगळे आलेले भांडायला. पुढच्या रांगेत सर, लालबुंद. त्यांनी सही-शिक्क्यानिशी नकार धाडला होता, त्यालाही उत्तर म्हणून निमंत्रणच गेलं. मी बोलायला उभी राहिले. तेवढ्यात मामा उठले आणि म्हणाले, आधी सगळे बसा, पोरीला बोलू द्या. तेव्हा मामांना मिठी मारावीशी वाटली.

मग मी भाषण बाजूला ठेवलं आणि खरं तेच सांगितलं. कुणी नाही म्हणेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. एकच हशा पिकला. नेमकी चूक फळ्यावर लिहिली, तर लोक प्रश्न विचारायला लागले! प्रोग्रॅम बंद का केला नाही, हेही विचारलं. सांगून टाकलं. मदत म्हणून आमच्यातल्या प्रत्येकाने त्याच्या प्रती विद्यापीठभरच्या कॉम्प्युटरांवर सुरू केल्यात, आणि कुठे कुठे ते आता कुणालाच आठवत नाही.

शेवटी सर म्हणाले, ही भांडायला आलेली गर्दी, ही धरणार नाही, खोली गेली. मला रडूच फुटणार होतं, एवढ्यात त्यांचा फोन वाजला. माझंच निमंत्रण. सर सगळ्यांदेखत गरजले, की हा प्रकार पुरता बंद होईपर्यंत क्लबमधल्या एकानेही ही खोली सोडायची नाही.

आम्ही मन लावून शोधतोय, मामी. घाई मात्र कुणालाच नाही.

लोभ वाढता असू दे, आठवण तासातासाला नको.
तुझी ठमी