काळ्या मोटारीच्या दोन पेट्या

मी, खाली सही करणार, वय एकोणसत्तर, लिफ्टचा मेकॅनिक (आता निवृत्त), राहणार तिसरा मजला, जिन्यालगतचे घर, आज लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. त्यांनी मला वार विचारला आणि शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत आलो, शिवाय त्यांच्या दाराची बिजागरी सैल झाली आहे हेही सांगितले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. "बाबा, असलं काही लिहू नका," असे मुलगी म्हणाली, तेवढेच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. दोन खोल्यांचे हे घर आणि बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. न्हाणीघराचा गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो. तो मीच तसा बसवला आहे, प्लंबरला बोलावू नये.

कलम २. पान्यांची पेटी, ओळंबा आणि मीटर माझ्याबरोबर एकवीस वर्षे काम केलेल्या जोडीदाराला द्यावेत. त्याला आम्ही तिरपा म्हणायचो, कारण लिफ्टची पट्टी सरळ आहे का हे तो मान तिरकी करून बघे आणि मग सगळेच त्याला वाकडे दिसे.

कलम ३. सोसायटीच्या चेअरमनना माझी अॅल्युमिनियमची शिडी द्यावी. ती सहा वर्षे त्यांच्याकडेच आहे, तेव्हा द्यायला कोणी जाण्याची गरज नाही. भर सभेत त्यांनी माझ्या संग्रहाला "म्हातारपणीची खेळणी" म्हटले होते. संग्रह मी चाळिशीत सुरू केला, एवढी दुरुस्ती त्यांनी इतिवृत्तात करून घ्यावी.

कलम ४. संग्रहाविषयी. पडद्यावरचे सुपरहिरो ज्या गाड्यांतून हिंडतात, त्यांच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांनी जोडलेल्या प्रतिकृती मी जमवल्या. सुरुवात अशी झाली. एका मोठ्या दुकानाची मालाची लिफ्ट दुरुस्त करत असताना तिच्या दारात खेळण्यांची एक पेटी सापडून कोपऱ्यात चेपली. "ही आता विकली जायची नाही, घेऊन जा," असे मॅनेजर म्हणाले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने पेटीकडे एकदा पाहिले आणि ती खेळायला निघून गेली. मी मात्र जेवणाची हाक तीन वेळा येईपर्यंत उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ आला. तो विमा कंपनीचा सर्वेअर. अपघातात चेपलेल्या मोटारींभोवती फिरून नुकसानीचा आकडा लिहिणे हे त्याचे काम. त्याने माझी गाडी हातात घेतली नाही, रिकामी पेटी घेतली.

"दादा, फोडलीस कशाला? बंद राहिली असती तर दहा वर्षांत तिप्पट झाली असती."

"आणि दहा वर्षं मी काय बघत बसू? खोका?"

"खोकाच बघायचा असतो."

तेव्हापासून आम्ही दोघे दर रविवारी त्या दुकानात जाऊ लागलो. मी फोडणारा, तो न फोडणारा. माझ्या भावजयीला घरात खोके नको होते, म्हणून त्याच्या सीलबंद पेट्या माझ्या माळ्यावर राहत.

कलम ५. आज कपाटात माझ्या आठ गाड्या उरल्या आहेत. पाण्याखाली जाणारी निळी होडी: ४१२ तुकडे, घेतली बत्तीसशेला, आजचा भाव पाच हजार, पण सुकाणू हरवल्यामुळे अठराशे. पंख मिटणारी मोटारसायकल: घेतली नऊशेला, आजही नऊशे, तिचा सिनेमा पडला. बाकी सहांच्या किमती कपाटाच्या दारामागे चिकटवल्या आहेत. आठही तिरप्याच्या नातीला द्याव्यात. गेल्या वेळी आली तेव्हा कशालाही हात लावण्याआधी तिने विचारले होते. नववी, मोठी काळी मोटार, यात धरू नये.

कलम ६. मोठ्या काळ्या मोटारीविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. ही पेटी धाकट्याची. २,१४६ तुकडे, खरेदी साडेअठरा हजार. पुढच्याच वर्षी कंपनीने ती बनवणे बंद केले आणि भाव चढत गेला. दर वर्षी वाढदिवसाला धाकटा मला फोन करून आधी मोटारीचा भाव सांगे, मग शुभेच्छा देई.

दहा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करत असे, म्हणजे हात गेला तेव्हा काय गेले ते लक्षात यावे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले, "मावशी, बोटांना रोज काम हवं. मणी ओवा." पत्नीने मण्यांची वाटी डाव्या हाताने जमिनीवर उपडी केली. मी माझे सुटे ठोकळे पुढे केले.

"ही तुमची उष्टी," ती म्हणाली. "मला नवी पेटी द्या. ती वरची काळी."

"ती भाऊजींची आहे."

"मग विचारा त्यांना."

मी विचारले नाही. तो नाही म्हणाला असता, तर नाही म्हटल्यानंतर फोडावी लागली असती, आणि ते जास्त वाईट दिसले असते. असे मी स्वतःला समजावले आणि ब्लेडने सील कापले.

पहिल्या दिवशी दीड तासात तीन तुकडे बसले. मला हात लावायची मनाई होती. तुकडे निवडून वाट्यांत ठेवायचे एवढेच माझे काम. एकदा मी नको तिथे मदत केली, तर तिने अख्खा दरवाजा उचकटून पुन्हा जोडला. त्यात चार दिवस गेले. बॉनेटवर तिने एक करडा तुकडा बसवला आहे, तिथे काळा हवा. मी दाखवला तेव्हा म्हणाली, "दिसतंय मला. असू दे." सात महिने लागले. शेवटी शेवटी ती त्याच हाताने चहाचा कप उचलू लागली.

चाळीसेक तुकडे बाकी असताना धाकटा आला. पत्नी मुलीबरोबर दवाखान्यात गेली होती. टेबलावर मोटार होती आणि समोर मी.

"सीलबंद एक लाख चाळीस," तो म्हणाला. "आता पन्नासही नाही. न विचारता, दादा?"

एका वाक्यात सांगता आले असते. पण तो चेपलेल्या मोटारीकडे बघावे तसा बघत होता, आणि माझे डोके फिरले. मी म्हणालो, "गाडी झाकून ठेवायची वस्तू नाही." त्याने माळ्यावरच्या पेट्या दोन खेपांत खाली नेल्या आणि गेला. पत्नीला मी सांगितले की भाऊजी येऊन गेले, छान झालीय म्हणाले. हे खोटे होते, त्याची इथे नोंद करतो. दोन वर्षांनी ती गेली. धाकटा आला, दाराशी उभा राहिला आणि परत गेला. त्यानंतर वाढदिवसाचा फोन नाही.

कलम ७. माझ्याकडे एकूण सदतीस गाड्या होत्या. गेल्या सहा वर्षांत मी त्यातल्या एकोणतीस विकल्या आणि एका दातांच्या डॉक्टरांकडून तीच काळी मोटार, सीलबंद, एक लाख नव्वद हजारांना घेतली. ती धाकट्याची. माफीनामा सोबत जोडलेला नाही, कारण तो मला चार वेळा लिहूनही जमला नाही.

कलम ८. पत्नीने जोडलेली मोटार मुलीला द्यावी. धूळ रंगाच्या मऊ ब्रशने झाडावी. करडा तुकडा बदलू नये. चौदा किलो सुटे ठोकळे व्यायामवाल्या बाईंच्या दवाखान्याला द्यावेत, मण्यांऐवजी.

पुरवणी, त्याच दिवशी लिहिलेली. वरील मजकूर घेऊन सहीसाठी वकीलबाई घरी आल्या. एक साक्षीदार म्हणून डॉक्टर होते. दुसरा माझ्या मुलीने मला न विचारता बोलावला होता. दुपारी चार वाजता धाकटा दारात उभा. केस पांढरे झाले आहेत. त्याने उभ्यानेच वाचायला घेतले आणि सहाव्या कलमाशी खुर्ची ओढली.

"वहिनीने केली?"

"हो."

"उजव्या हाताने?"

"हो."

"आणि मला नऊ वर्षं बोलला नाहीस."

"नाही."

त्याने चष्मा लावला आणि टेबलाभोवती एक पूर्ण फेरी मारली. मोटारीला हात लावला नाही. मग कागदावर बोट ठेवले. "हे छान झालीय वगैरे मी म्हणालो नव्हतो."

"माहीत आहे. खोडू का?"

"राहू दे."

वकीलबाईंनी समजावले की साक्षीदार म्हणून सही केल्यास त्यांच्या मते सातव्या कलमातला वाटा धोक्यात येईल. धाकटा म्हणाला, "मग पेन द्या." त्यांनी विचारले, एवढ्या महागड्या पेटीचे मग काय करायचे? तो स्वयंपाकघरात गेला आणि सुरी घेऊन आला. मी म्हणालो, एक लाख नव्वद. तो म्हणाला, "दोन दहा. मी परवाच बघितलाय भाव." आणि सील कापले.

तेव्हा कलम ७ रद्द समजावे. पेटी आता सीलबंद राहिलेली नाही. तो तुकडे आकाराप्रमाणे लावतो, मी रंगाप्रमाणे, आणि यावरून आत्ताच दोनदा आवाज चढले आहेत. काम पुरे होण्याआधी माझे काही झाल्यास उरलेली मोटार धाकट्याने जोडावी, पण याच टेबलावर बसून. किल्ली मुलगी देईल. हे लिहिताना जोडणीच्या पुस्तिकेचे पान चौदा चालू आहे.

ठिकाण: माझे घर, जेवणाचे टेबल
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार, संध्याकाळ

लिहून ठेवणार: सही (लिफ्टवाले)

साक्षीदार पहिला: सही (तळमजल्यावरचे डॉक्टर, बिजागरी दुरुस्त करून घेतली आहे)

साक्षीदार दुसरा: सही (धाकटा भाऊ, वरील सर्व वाचले, वहिनीचे काम पाहिले, नुकसान शून्य)